चला, लेकरांना घेऊन बेडशाच्या डोंगरावर

मी वाकडहून बोलतेय. आमच्या बचत गटाच्या बैठकीत दरवर्षी दिवाळी झाली की एक विषय निघतोच, सहलीला कुठं जायचं? कुणी देवाचं ठिकाण सुचवतं, कुणी बाग, कुणी मॉल. तीन वर्षांपूर्वी मी म्हटलं, "डोंगरावर जाऊ." त्यावर माझ्या सासूबाई काय म्हणाल्या सांगते. "अगं, सरपणाला डोंगर, गुरांमागं डोंगर, पाण्याला डोंगर. जन्म डोंगर चढण्यात गेला माझा. आता पैसे मोडून डोंगर चढू होय?"

खरं होतं त्यांचं. आपण बाया डोंगराला नवख्या नाही. पण डोक्यावर मोळी किंवा हंडा घेऊन डोंगर चढणं वेगळं आणि हात मोकळे ठेवून, मध्येच एखाद्या दगडावर बसून, नातवाला हे काय ते काय सांगत चढणं वेगळं. तसं चढायला आपल्याला कधी मिळालंच नाही. आज बोलायचंय ते यावरच. घरची म्हातारी माणसं आणि लेकरं बरोबर घेऊन एका दिवसात कुठला डोंगर चढता येईल, तिथं बघायचं काय, आणि सगळ्यांना सुखरूप परत कसं आणायचं.

आम्ही निवडला तो बेडशाच्या लेण्यांचा डोंगर. कार्ल्याला एकवीरा आईमुळं गर्दी, भाज्याला धबधब्यामुळं गर्दी. बेडसे त्यामानानं शांत. वाकडहून चिंचवड नाहीतर आकुर्डी स्टेशन गाठायचं, लोणावळ्याची लोकल धरायची आणि मळवलीच्या आधी कामशेतला उतरायचं. तिथून पवनानगरच्या रस्त्याला आठ-दहा किलोमीटरवर बेडसे गाव आहे. आम्ही कामशेतहून जाण्या-येण्याची जीप आधीच ठरवली. माणशी पैसे वाटून घेतले, फार पडले नाहीत. दुपारी लोकल कमी असतात, म्हणून परतीच्या गाडीची वेळ सकाळीच स्टेशनवर विचारून घ्या.

गावापासून लेण्यांपर्यंत बांधीव पायऱ्या आहेत, चारशेच्या आसपास. धडधाकट माणूस वीस-पंचवीस मिनिटांत वर जातो. आम्हाला लेकरं आणि सासूबाई धरून पाऊण तास लागला. लागू द्या की. दर पन्नास पायऱ्यांवर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, असं आम्ही ठरवूनच घेतलं होतं. दोन्ही बाजूंना झाडी आणि गवत, खाली भातखाचरं, समोर डोंगरांच्या रांगा.

वर पोचलं की आधी चैत्यगृह लागतं. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटात कोरलेलं. दारातले खांब इतके उंच की मान वर करून पदर सावरावा लागतो. खांबांच्या माथ्यावर घोड्यांवर, हत्तींवर बसलेली जोडपी आहेत. आमच्या पोरी तर त्या दगडातल्या बायकांची कडी-तोडी आणि पैंजणच बघत राहिल्या. शेजारी भिक्खूंना राहायचा विहार आहे आणि त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे.

पण मला तुम्हाला दाखवायचं आहे ते याच्या जवळच, दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं.

आता बघा, हा सगळा डोंगर काळ्या पाषाणाचा. पावसाळ्याचे चार महिने पाणीच पाणी आणि पुढचे आठ महिने कोरडे. विहीर खणायची सोय नाही, नदी लांब खाली. मग त्या काळच्या माणसांनी काय केलं? कड्यावरून येणारं पावसाचं पाणी दगडात पन्हळी कोरून वळवलं आणि अखंड दगडात खोदलेल्या टाक्यात सोडलं. अशा टाक्यांचं तोंड बहुधा लहान असतं आणि पोट आत मोठं. तोंड लहान म्हणून ऊन आत कमी जातं, पाण्याची वाफ कमी होते, शेवाळ कमी धरतं, पालापाचोळा कमी पडतो. भिंती दगडाच्या, त्यामुळं पाणी गार राहतं. आपल्या रांजणाची आणि माठाची अक्कल तीच आहे, फक्त ती डोंगराएवढी मोठी केली. जुन्नरकडच्या नाणेघाटातही वाटसरूंसाठी अशी टाकी खोदलेली आहेत, लोहगडावरही आहेत. त्या काळच्या प्राकृत भाषेत टाक्याला पोढी म्हणत. भाज्याच्या लेण्यांत एका लेखात कौशिकीचा मुलगा विष्णुदत्त यानं पोढी दान दिल्याचं कोरलेलं आहे.

आणि बेडशाच्या टाक्यावरचा लेख? तो एका बाईचा आहे, तायांनो. तिचं नाव सामडिनिका. ती महाभोजाची लेक, आपदेवणकाची बायको. तिला महादेवी आणि महारठिनी असा मान होता. हे तिचं धर्मदान, असं दगडात कोरलंय. महाभोज, महारठी ही तेव्हाच्या मोठ्या सरदार घराण्यांची पदं. म्हणजे ती पैसेवाल्या घरची होती हे खरंच. पण दान तिच्या स्वतःच्या नावानं लिहिलेलं आहे, आणि ते पाण्यापाशी लिहिलेलं आहे.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा गटातल्या बाया जरा वेळ गप्प बसल्या. आमच्यातल्या कितीजणींच्या नावावर घर आहे? सातबाऱ्यावर किती जणी आहेत? एकजण म्हणाली, "नळाचं बिलसुद्धा आमच्या ह्यांच्याच नावानं येतं." सगळ्या हसल्या, पण ते हसू जरा वेगळंच होतं. सासूबाई मात्र टाक्याच्या कडेला बसून राहिल्या. म्हणाल्या, "पाणी आणायचं काम बाईचं, हे ठाऊक होतं. पाणी देणारी म्हणून बाईचं नाव आज बघितलं."

त्या टाक्यातलं पाणी आज पिऊ नका, ते वापरात नाही. लेकरांना काठावर वाकू देऊ नका, आत खोली किती ते वरून कळत नाही. हात-पाय धुवायचे नाहीत, नाणं किंवा प्लास्टिक टाकायचं नाही. भिंतीवर नावं लिहायची नाहीत. सामडिनिकेचं नाव तिथं आहे कारण तिनं काही दिलं. आपण काही न देता नाव कशाला कोरायचं?

आता दुसऱ्या पाण्याचं बोलते. टाक्यातलं पाणी थांबलेलं असतं, पण पावसाळ्यातलं डोंगरावरचं पाणी धावत असतं. ते माणूस ओळखत नाही. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत लेकरं होती. सहलीलाच आलेली होती ती माणसं, आपल्यासारखीच. पुढच्या वर्षी, 15 जून 2025 ला, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारचे होते.

मीही एकदा चूक केलेली आहे. लपवत नाही. माझी लेक सात वर्षांची होती तेव्हा ऐन पावसाळ्यात आम्ही एका ओढ्याकाठी डबा खायला बसलो. पाणी घोट्याएवढं होतं, पोरं खेळत होती. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हताच. पण वर डोंगरात कोसळत होता. पाणी आधी गढूळ झालं, मग त्यात काटक्या आणि पानं यायला लागली. जवळच गुरं राखणारी एक म्हातारी ओरडली, "बायांनो, पोरं उचला, वर या!" आम्ही वर आलो आणि थोड्याच वेळात आम्ही बसलो होतो तो दगड दिसेनासा झाला. डबे गेले, चपला गेल्या. त्या बाईचं नावसुद्धा विचारायचं राहून गेलं.

तिनं जे ओळखलं ते तुम्हीही ओळखायला शिका. स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, पाण्यात काटक्या-पाला येऊ लागला, खळखळीचा आवाज वाढला, की सामान सोडायचं, पोरं उचलायची आणि काठापासून उंचावर जायचं. ओढा ओलांडून पलीकडं जायचा प्रयत्न करायचा नाही. पाणी ओसरेपर्यंत थांबायचं. आणि मुळात धबधब्याखाली लेकरं न्यायचीच नाहीत. पावसाळ्यात प्रशासन काही ठिकाणी जायला बंदी घालतं, ती उगाच नसते.

म्हणून लेकरांसह जायचं तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा. पायऱ्या कोरड्या असतात, ऊन सोसवतं, झाडी हिरवी असते.

आमच्या गटानं अनुभवातून काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या लिहून घ्या.

सकाळी लवकर निघायचं आणि ऊन चढायच्या आत वर पोचायचं. उतरायला दुपारी तीनच्या पुढं जायचं नाही.

वर दुकान नाही असं समजूनच निघायचं. माणशी दोन लिटर पाणी, भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे घ्यायचे.

पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट घालायचे. साडी असली तर घोट्याच्या वर खोचून घ्या, पायऱ्या उतरताना निऱ्या पायात येतात.

पाळीची काळजी म्हणून घरी बसू नका. जादा पॅड किंवा कापड आणि जुन्या वर्तमानपत्राची पिशवी जवळ ठेवा, वापरलेलं खाली घेऊन या. निघण्याआधी स्टेशनवर मोरीला जाऊन घ्या.

एका मोठ्या बाईमागं दोन लेकरं, आणि निघताना, वर पोचल्यावर, उतरल्यावर अशी तीनदा मोजणी. सगळ्यात हळू चालणारी पुढं आणि गटातली खंबीर बाई शेवटी. असं केलं की म्हातारं माणूस मागं पडत नाही.

लेण्यांत आणि कड्यांवर आग्या मोहोळ असतं. शेकोटी नको, धूर नको, उग्र अत्तर नको, आरडाओरडा नको.

कुणाला लागलं, चक्कर आली तर 108 ला रुग्णवाहिकेसाठी आणि 112 ला इतर मदतीसाठी फोन करा. वर रेंज जाते, म्हणून खाली गावात कुणाला तरी "आम्ही इतक्याजणी वर चाललोय, अमुक वाजता उतरू" एवढं सांगून ठेवा.

येताना जीपमध्ये लेकीनं विचारलं, "आई, आपल्या घरी पाणी कुठून येतं?" मी सांगितलं, पवना धरणातलं पाणी नदीला सुटतं, रावेतला ते उचलतात, शुद्ध करतात आणि आपल्या नळाला येतं. ती म्हणाली, "म्हणजे याच डोंगरांकडचं?" हो, याच मावळातल्या डोंगरांकडचं. तेव्हापासून ती दात घासताना नळ बंद करते. मी सांगून बंद करत नव्हती.

आणि सासूबाई? यंदाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांत आधी त्याच म्हणाल्या, "डोंगरावर जाऊ. पण माझा हात धरायला पोरगी हवी, आणि हंडा नको."

तुमच्या गावाजवळच्या डोंगरावरही असं एखादं टाकं असेल. गटातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना ठाऊक असतं. दिवाळीनंतर जा, लेकरांना न्या, आणि सगळ्याजणी मोजून परत या. नमस्कार.