पेशींची कळ आणि सांधेदुखीची गोळी

१९५२ साली अमेरिकेतील लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांच्याकडे ८ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होई. तपासणीत त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजेच प्रतिपिंडे, आढळलीच नाहीत. ती इंजेक्शनने दिल्यावर मुलगा सावरला. पण या आजाराचे मूळ कारण कळायला १९९३ साल उजाडले. एका विकराचे जनुक बिघडल्यामुळे प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी पक्वच होत नव्हत्या.

हे विकर ‘कायनेज’ कुळातले. प्रथिनाला फॉस्फेटचा छोटासा तुकडा जोडणे, एवढेच कायनेजचे काम. त्याने प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते कामाला लागते किंवा थांबते. फॉस्फेटेज हे विकर तो तुकडा काढून घेते. दिव्याची कळ दाबावी, तसा हा प्रकार. माणसात ५००हून अधिक कायनेज आहेत. या शोधासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२चे नोबेल मिळाले.

मेंदूतही हीच कळ चालते. नवे काही शिकताना चेतापेशीत कॅल्शियम शिरते आणि ‘कॅम-कायनेज २’ जागे होते. हे विकर स्वतःलाच फॉस्फेट जोडून घेते. त्यामुळे कॅल्शियम ओसरले तरी ते काही काळ चालूच राहते. या विकराचा एक प्रमुख प्रकार नसलेले उंदीर जागा लक्षात ठेवण्यात मागे पडले. अल्झायमरमध्ये तर ‘टाऊ’ प्रथिनावर फॉस्फेट प्रमाणाबाहेर चढलेले दिसतात.

हे ज्ञान आता औषधाच्या दुकानात पोचले आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस या सांध्यांच्या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तो दाहाचा निरोप पुढे नेणारे ‘जॅक’ कायनेज रोखणारी टोफासिटिनिब ही गोळी २०१२मध्ये अमेरिकेत मान्य झाली. अनेकांची सूज आणि सकाळचा आखडलेपणा तिने कमी होतो.

पण हाच निरोप जंतूंशी लढतानाही लागतो. तो अडला की शरीरात दबून राहिलेला क्षयरोग उसळू शकतो, नागीण उठू शकते. काहींमध्ये रक्तात गुठळ्या होण्याचा किंवा हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी क्षयरोग व काविळीच्या विषाणूंची तपासणी आणि नंतर ठरावीक काळाने रक्ततपासणी हवीच. ताप, लांबलेला खोकला, अंगावर एका बाजूला पुरळ किंवा पायाला अचानक सूज आली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच्या चिठ्ठीवर ही गोळी आणणे मात्र जिवावर बेतू शकते.