किरणोत्सार-रोधी जीवाणूचे पेशी-आवरण : रचना व कार्य

प्रस्तावना : इ. स. १९५६ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन येथे आर्थर अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांना, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या डबाबंद मांसात एक जीवाणू जिवंत आढळला. हाच 'डायनोकॉकस रेडिओड्युरन्स' होय. मानवास सुमारे ५ ग्रे मात्रा घातक ठरते. हा जीवाणू ५,००० ग्रे मात्राही फारशी हानी न होता सहन करतो. त्यामुळे त्याचे आवरण चिलखताप्रमाणे किरण अडवीत असावे, असा समज सहज होतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आवरणाची रचना : ग्रॅम-रंजनात हा जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतो, म्हणजेच तो ग्रॅम-पॉझिटिव्ह ठरतो. अशा जीवाणूंत सामान्यतः पेप्टिडोग्लायकनची जाड भित्तिका असते व बाह्यपटल नसते. येथे मात्र जाड भित्तिकेबाहेर बाह्यपटलही आहे. परंतु ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंतील नेहमीचे लिपोपॉलिसॅकराइड त्यात नाही. पृष्ठभागावर प्रथिनांचा षट्कोनी जाळीसारखा 'एस-थर' असतो. 'एसएलपीए' हे प्रथिन भित्तिका व बाहेरील थर यांना सांधून ठेवते. त्याचे जनुक निकामी केल्यास बाहेरील थर सुटू लागतात, असे २००६ मध्ये दिसून आले. डायनोझँथिन या कॅरोटिनॉइडमुळे जीवाणूच्या वसाहतींना लालसर रंग येतो. ते ऑक्सिडीकरण करणारे घातक रेणू निष्प्रभ करते.

आवरण व रोधक्षमता : गॅमा किरण पेशीच्या आरपार जातात, मायक्रोमीटरहूनही पातळ आवरण त्यांना अडवू शकत नाही. मोठ्या मात्रेने या जीवाणूच्या डीएनएचेही शंभराहून अधिक तुकडे होतात. मात्र काही तासांत ते पुन्हा अचूक जोडले जातात. पेशीतील मँगनीज-संयुगे दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करतात. तात्पर्य, रोधक्षमतेचे मुख्य स्थान पेशीच्या आत आहे. आवरणाचे कार्य पेशीची अखंडता राखण्याचे आहे.

उपयोजन : मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये या जीवाणूत फॉस्फेटेज विकराचे जनुक घालून विरल द्रावणातील युरेनियमचे अवक्षेपण साधले. पुढे एसएलपीएचा भित्तिकेस चिकटणारा भाग वापरून असा विकर पृष्ठभागावर बसविण्यात आला. आवरणाच्या रचनेचे ज्ञान येथे प्रत्यक्ष उपयोगी पडले.

निष्कर्ष : ग्रॅम-रंजनाचा निकाल भित्तिकेच्या जाडीविषयी सांगतो, संपूर्ण आवरणाविषयी नव्हे. पदवी स्तरावर जीवाणूंचे दोनच गट शिकविताना हा अपवाद आवर्जून सांगितला, तर विद्यार्थ्यांना कसोटी व रचना यांतील भेद कळेल.