एकतीस इंचांतील पंधरा तास

विमानप्रवासाविषयी आपल्याकडे जे लिहिले व बोलले जाते त्यात विमानतळाची भव्यता असते, खिडकीतून दिसणाऱ्या ढगांची वर्णने असतात, परदेशच्या भूमीवर पहिले पाऊल टाकल्याचा आनंद असतो. पण मधले चौदा-पंधरा तास माणूस कोठे व कसा बसलेला असतो, त्या वेळात त्याच्या देहाचे काय होते, ह्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. प्रवासवर्णनकार तो सारा भाग एका वाक्यात उरकून न्यूयॉर्कला उतरतो. त्या एका वाक्यात गडप झालेल्या तासांबद्दल मला आज बोलावयाचे आहे. आणि तेही विमानाच्या पुढल्या भागातील पलंगवजा आसनांबद्दल नव्हे, मागल्या भागातील इकॉनॉमी वर्गाबद्दल. लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांसाठी अमेरिकेला जाऊन आलेले, वा जावयाच्या तयारीत असलेले पुष्कळ जण आपल्यात असतील. विषय त्यांच्या कामाचा आहे.

प्रथम हा वर्ग आला कोठून ते पाहू. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले तेव्हा त्यात अवघे ३५ प्रवासी होते, आणि ते कैरो व जिनिव्हा येथे उतरत उतरत गेले. त्या काळी विमानाने परदेशी जाणे ही संस्थानिकांची, कारखानदारांची आणि सरकारी कामावरील बड्या मंडळींची गोष्ट. पुढे अटलांटिक महासागरावरील मार्गावर विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९५२ साली 'टूरिस्ट' आणि १९५८ साली 'इकॉनॉमी' असे स्वस्त वर्ग ठरवून दिले. दर सर्व कंपन्यांचे सारखे. तेव्हा चढाओढ व्हावयाची ती खाण्यापिण्यात. ती होऊ नये म्हणून नियम असा झाला की, इकॉनॉमी वर्गाला साधे सँडविचच द्यावयाचे. स्कँडिनेव्हियन कंपनीने पावाच्या कापावर मांस-भाज्यांची अशी काही रास रचली की खालचा पाव दिसेनासा झाला. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीने तक्रार गुदरली, आणि अखेर स्कँडिनेव्हियन कंपनीला २०,००० डॉलर दंड भरावा लागला. सँडविचात पाव दिसला पाहिजे, असा निवाडा! गोष्ट हसण्यासारखी खरी, परंतु ह्या वर्गाचे मर्म तीत आहे. येथील प्रवाशाचे सुख प्रथमपासूनच मोजूनमापून ठरवलेले आहे.

आता आसनाचा हिशेब. विमानाचे नळकांडे एकदा बनले की त्याची रुंदी वाढत नाही. वाढवता येतात त्या फक्त खुर्च्या. बोइंग ७७७ हे विमान १९९५ साली वापरात आले तेव्हा बहुतेक कंपन्या त्यात एका रांगेत नऊ खुर्च्या बसवीत. पुढे त्याच रुंदीत दहा बसू लागल्या आणि प्रत्येकाच्या वाट्याला सतरा इंचांच्या आसपास जागा आली. एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचे अंतर पूर्वी सुमारे ३४ इंच असे. आता ते पुष्कळ ठिकाणी ३१ किंवा ३२ आहे. खुर्च्यांच्या पाठी पातळ केल्यामुळे गुडघ्यांचे नुकसान ह्या आकड्यांवरून वाटते तितके झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. किमान अंतर किती असावे ह्याचा कायदा नाही काय, असे कोणी विचारील. कायदा आहे तो निराळाच : अर्धे दरवाजे बंद असताना सर्व माणसे ९० सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत, एवढे विमान बनवणाऱ्याने सिद्ध करून दाखवावयाचे असते. गुडघ्यांची दखल त्यात नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने २०१८ साली तेथील विमानखात्याला आसनाचे किमान माप ठरवण्यास सांगितले. ते ठरेना म्हणून प्रवाशांची संघटना न्यायालयात गेली, आणि २०२३ साली न्यायालयाने खात्यावर सक्ती करण्याचे नाकारले.

कंपन्यांना शिव्या देणे सोपे आहे. परंतु तिकीट काढताना आपण काय पाहतो? दर. दोन हजार रुपये वाचत असतील तर आपण दोन इंच आनंदाने सोडतो, आणि मग पंधरा तास त्या दोन इंचांबद्दल कुरकुरतो. मौज अशी की, जगातील सर्वांत लांब पल्ल्याची जी सेवा सिंगापूरहून न्यूयॉर्कला २०१८ साली पुन्हा सुरू झाली, सुमारे १५,३०० किलोमीटर व अठरा तासांहून अधिक वेळ, त्या विमानात इकॉनॉमी वर्ग ठेवलाच नाही. एवढे दूर न उतरता जावयाचे तर इंधन प्रचंड लागते व माणसे कमी न्यावी लागतात. कमी माणसांत स्वस्त वर्ग परवडत नाही.

हवेचे पाहू. विमान ३५ ते ४० हजार फुटांवर उडते, तेथे बाहेर उणे ५५ अंशांच्या आसपास थंडी असते आणि हवा इतकी विरळ की माणूस मिनिटभरात बेशुद्ध होईल. म्हणून आत हवा दाबून भरतात. परंतु जमिनीवरच्याइतका दाब ठेवला तर विमानाच्या कवचावर फार ताण येईल, म्हणून साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवतात. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते ५,४०० फूट. म्हणजे आपण साऱ्या प्रवासभर कळसूबाईच्याही वर कोठे तरी, उटीच्या आसपासच्या उंचीवर, बसलेले असतो. धडधाकट माणसाला हे बाधत नाही. फार तर थोडी सुस्ती येते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असेल त्याने मात्र तिकिटाआधी डॉक्टरांना विचारावे. दाब कमी झाला की पोटातील वायू प्रसरण पावतो. आठ हजार फुटांच्या दाबाला तो सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, आणि निघण्यापूर्वी आग्रहाने खाऊ घातलेली छोल्यांची उसळ तेथे आपला प्रभाव दाखवते.

बाहेरच्या त्या गोठलेल्या हवेत ओलावा जवळजवळ नसतोच, त्यामुळे आतली हवा देशावरच्या चैत्रातील दुपारसारखी कोरडी असते. डोळे चुरचुरतात, ओठ फुटतात, नाक सुकते. नाक सुकले की चव जाते. जर्मनीत होल्झकिर्खेन येथील फ्राउनहोफर संस्थेने विमानाच्या खऱ्या सांगाड्यात कमी दाब, कोरडेपणा व घरघर निर्माण करून माणसांना जेवू घातले. तेव्हा मीठ आणि साखर ह्यांची जाणीव बोथट होते आणि टोमॅटोचा रस मात्र अधिक रुचकर लागतो, असे दिसून आले. तेव्हा विमानातील वरण अळणी लागले तर दोष आचाऱ्याचाच असेल असे नाही. जाता जाता एक सूचना. शाकाहारी मंडळींनी तिकिटाबरोबर 'एशियन व्हेजिटेरियन' जेवण मागावे. 'हिंदू मील' हे नाव पाहून पुष्कळ जण फसतात. त्यात गोमांस नसते एवढेच, कोंबडी किंवा मासा असू शकतो.

येथवर सांगितलेला सारा त्रास उतरल्यावर चार दिवसांत विसरला जातो. पायांचे तसे नाही, आणि म्हणून त्याविषयी जरा सविस्तर बोलतो.

पायातले रक्त हृदयाकडे वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, शीर दाबली जाते आणि रक्त वर ढकलले जाते. शिरेतील झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस गुडघे मोडून तासन् तास बसला की हा पंप थांबतो. रक्त मंदावते, पाय सुजतात, उतरताना चपला चढत नाहीत. बहुतेकांचे प्रकरण येथेच संपते. क्वचित कोणाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. हा विमानाचा शाप आहे असे मात्र समजू नये. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक निवाऱ्यांत आरामखुर्च्यांवर बसून रात्री काढीत. त्यांच्यात असे मृत्यू एकाएकी वाढल्याचे कीथ सिम्प्सन ह्या डॉक्टरांनी तेव्हाच नोंदवले होते. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीखाली रुतत असे. १९५४ साली अमेरिकेत जॉन होमन्स ह्यांनी विमान, मोटार आणि चक्क नाट्यगृह येथे दीर्घकाळ बसल्यावर झालेल्या गुठळ्यांची हकिगत लिहिली. दोष बसण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की चार तासांहून अधिक प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एखाद्याला, इतकाच. बस व आगगाडीलाही तेच लागू. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, शरीर फार स्थूल असेल, संप्रेरकांच्या गोळ्या चालू असतील, तर धोका वाढतो. तसाच फार उंच आणि फार ठेंगण्या माणसांनाही तो अधिक असतो. ठेंगण्यांचे कारण उघड आहे. पाय जमिनीला टेकत नाहीत आणि आसनाची कड मांडीखाली दाबत राहते. आपल्याकडच्या किती आजी ह्यात बसतील ते पाहा. त्यांच्या पायांखाली हातातली पिशवी ठेवली तरी पुष्कळ काम होते.

उपाय साधा आहे, तो म्हणजे उठणे. पण येथेच आपली अडचण आहे, आणि ती वैद्यकाची नाही. आपल्या पिढीला उठण्याचा संकोच वाटतो. शेजारी गोरा साहेब झोपला आहे, त्याला कसे उठवावे? शौचकूपाचे दार उघडेना तर हसे होईल. (ते दार बहुधा मधोमध ढकलले की आत घडी होते, आणि आतला तो भयंकर फुस्सकारा पाणी टाकण्याचा नसून हवेने ओढून घेण्याचा असतो, त्यात भिण्यासारखे काही नाही.) ह्या संकोचापायी कित्येक बाया मुंबईपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे जावयालाच नको. इंग्रजी येत नाही म्हणून चहासुद्धा नाकारतात. पूर्वीचे विमान कैरोला उतरे तेव्हा माणसाला उठावेच लागे. साडेबारा हजार किलोमीटरांचे मुंबई-न्यूयॉर्क अंतर न उतरता काटणाऱ्या विमानाने ती सक्तीही काढून घेतली. तेव्हा मुलांना माझी विनंती आहे की, आईवडिलांना खिडकीची जागा कौतुकाने घेऊन देऊ नका. खिडकीतून रात्रभर काळोख दिसतो. वाटेकडेची जागा घ्या, कोणालाही न उठवता दर दीड-दोन तासांनी उठता येईल अशी. बसल्याबसल्या टाचा व चवडे आळीपाळीने उचलावेत. गुडघ्यापर्यंतच्या घट्ट मोज्यांनी गुठळ्या कमी होतात असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र ते योग्य मापाचे हवेत. अ‍ॅस्पिरीन मनाने घेऊ नये. रोजची औषधे हातातल्या पिशवीत असावीत, आणि इन्शुलिन घेणाऱ्यांनी दिवस दहा तासांनी लांबणार तेव्हा मात्रा कशी घ्यावयाची हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

घड्याळाचा प्रश्न उरला. न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास उन्हाळ्यात, साडेदहा हिवाळ्यात. शरीरातील घड्याळ दिवसाला साधारण एखादा तास सरकते, म्हणून तेथे रुळावयास आठवडाभर किंवा थोडे अधिक लागते. हे आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठे असल्यामुळे पश्चिमेकडे जाताना दिवस लांबलेला ते सोसते, परतताना आखडलेला दिवस त्याला अधिक जाचतो. मुले प्रेमाने आईवडिलांना उतरल्याबरोबर भरपेट जेवू घालून भर दुपारी झोपवतात. त्यापेक्षा उन्हात तासभर हिंडवावे. आणि पुढचे दोन-तीन आठवडे एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर प्रवासाचा शीण म्हणून अंगावर काढू नये. लगेच डॉक्टरांकडे जावे, आणि त्यांनी विचारण्याआधीच आपण इतके तास विमानात बसून आलो आहोत, हे सांगावे.