मुलाखतीच्या अखेरीस विचारावयाचे प्रश्न

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशमुलाखतीत एक क्षण हटकून येतो. उमेदवाराला विचारून झाले की मुलाखतकार म्हणतात, "आता आपल्याला काही विचारायचे आहे का?" आपल्या वडोदऱ्यातील मराठी घरांतून तिकडे स्थायिक झालेल्यांची मुले आता या वयात आली आहेत. इकडचे आजोबा, काका, मामा, आणि त्यांत डॉक्टर असलेले विशेषेकरून, त्यांना दूरध्वनीवरून सल्ला देतात की अशा वेळी नम्रपणे "नाही, सर्व समजले, आभारी आहे" एवढेच म्हणावे. सल्ला सद्भावनेचा खरा, पण तो तेथील परिस्थितीला लागू पडत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी अशी मुलाखत कधी दिलीच नाही. गुणवत्ता यादीत नाव आले, १९४९ साली स्थापन झालेल्या बडोदा मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, की विषय संपला. शुल्क बेताचे होते आणि सयाजी रुग्णालयात रुग्णांची वानवा कधीच नव्हती. तिकडे पदवीनंतर चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो, एम.डी. पदवी देणारी महाविद्यालये दीडशेहून अधिक आहेत, आणि चांगल्या विद्यार्थ्यापुढे दोन-तीन ठिकाणचे प्रवेश एकदम येऊन उभे राहतात. एप्रिलअखेर त्यांतून एकाची निवड करावी लागते. ही निवड कशाच्या आधारावर करावयाची, याची सामग्री गोळा करण्याची संधी म्हणजे तो शेवटचा प्रश्न होय.

जे संकेतस्थळावर छापलेले आहे ते विचारू नये, हे उघड आहे. परंतु "आपल्याकडे विद्यार्थ्यांना मदत मिळते का?" हा प्रश्नही निरुपयोगीच, कारण त्याचे उत्तर सर्वत्र "होय" असेच मिळते. त्याऐवजी "गेल्या वर्षी पहिल्या सत्रात जे अनुत्तीर्ण झाले, त्यांच्यासाठी काय केले गेले?" असे विचारावे. दुसऱ्या महाविद्यालयात ज्याचे उत्तर वेगळे येऊ शकेल, तोच प्रश्न विचारण्याजोगा.

सर्वांत महत्त्वाचा भाग रुग्णशिक्षणाचा. तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात जाणार, ते महाविद्यालयाच्या मालकीचे आहे की केवळ करारावर, हे अवश्य विचारावे. हा प्रश्न कोणाला आगाऊपणाचा वाटेल. त्यांनी फिलाडेल्फियाचे उदाहरण आठवावे. तेथील हानेमान रुग्णालय हे ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रमुख शिक्षण-रुग्णालय होते. २०१८ मध्ये ते एका खासगी मालकाकडे गेले, २०१९ च्या उन्हाळ्यात त्याने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षी रुग्णालय बंद पडले. विद्यार्थ्यांची रुग्णशिक्षणाची सोय ऐनवेळी अन्यत्र लावावी लागली, शेकडो रेसिडेंट डॉक्टरांना दुसरी रुग्णालये शोधावी लागली. याला जोडूनच विचारावे की विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष काम किती येते. मोठ्या नावाच्या रुग्णालयात रेसिडेंट आणि फेलो यांची इतकी गर्दी असते की विद्यार्थी मागच्या रांगेत उभा राहून पाहतो. लहान गावच्या रुग्णालयात तोच विद्यार्थी प्रसूतीच्या वेळी हातमोजे घालून पुढे असतो. सयाजीत शिकलेल्यांना यातील फरक निराळा सांगावयास नको.

परीक्षांचे चित्रही बदलले आहे. यू.एस.एम.एल.ई.च्या पहिल्या टप्प्याला जानेवारी २०२२ पासून गुण मिळत नाहीत, केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढाच निकाल लागतो. त्यामुळे रेसिडेन्सी मिळवताना दुसऱ्या टप्प्याचे गुण आणि तिसऱ्या वर्षाच्या श्रेणी यांचे वजन वाढले. म्हणून या श्रेणी कोण देतो, कोणत्या निकषांवर देतो, आणि दुसऱ्या टप्प्याच्या तयारीला मोकळा अवधी किती मिळतो, हे विचारणे अगत्याचे. मार्च महिन्यात लागणाऱ्या 'मॅच'च्या निकालाची यादी महाविद्यालये अभिमानाने दाखवितात. ती यादी जागा मिळालेल्यांची असते. ज्यांना मिळाली नाही त्यांच्या पाठीशी महाविद्यालय कसे उभे राहिले, याची विचारणा सौम्य शब्दांत जरूर करावी.

पैशांविषयी बोलण्यास आपल्याकडे संकोच वाटतो. कर्ज काढून शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्याच्या डोक्यावर पदवीच्या वेळी साधारण दोन लाख डॉलर कर्ज असते. तेव्हा हा संकोच परवडणारा नाही. त्यातच २०२५ च्या कायद्याने, १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जदारांसाठी, वैद्यकीय शिक्षणाच्या सरकारी कर्जाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा घातली आहे. त्यापुढील खर्चासाठी महाविद्यालय काय साहाय्य करते, पहिल्या वर्षी दिलेली शिष्यवृत्ती चौथ्या वर्षापर्यंत टिकते काय, हे विचारावे. मात्र मुलाखतकार प्राध्यापकाला नव्हे, तर अर्थसाहाय्य कार्यालयाला. प्राध्यापकाला बहुधा ते ठाऊकच नसते.

कोणाला काय विचारावे, यातही तारतम्य हवे. प्राध्यापकाला अध्यापनाविषयी विचारावे. निवास, झोप, मनःस्वास्थ्य, गुरुजनांची वागणूक यांविषयी विद्यार्थ्यांना, आणि तेही प्राध्यापक जवळ नसताना. २०२० च्या महासाथीपासून पुष्कळ मुलाखती संगणकाच्या पडद्यावरच होऊ लागल्या. त्यामुळे महाविद्यालयाच्या आवारातून फिरताना सहज कानी पडणाऱ्या गोष्टी आता मुद्दाम विचारून घ्याव्या लागतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने रूढ केलेल्या अनेक छोट्या मुलाखतींच्या पद्धतीत तर उमेदवाराला प्रश्न विचारण्यास फारशी सवड मिळत नाही. अशा ठिकाणी प्रवेश हाती आल्यानंतर प्रत्यक्ष भेट मागून घ्यावी.

आपल्या देशात पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासारखा अपवाद वगळता 'नीट'च्या गुणांवरच प्रवेश होतो, मुलाखत नसते. तरीही पसंतीक्रम भरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न थोडेफार हेच आहेत, आणि ते इंटर्न मुलांना विचारावेत: बाह्यरुग्ण विभागात रुग्ण खरोखर किती येतात, विद्यावेतन खात्यावर वेळेवर जमा होते काय, वसतिगृहाचा खर्च शुल्कात धरला आहे की वेगळा. बंधपत्राच्या अटी, आणि जागा सोडल्यास शुल्क व मूळ प्रमाणपत्रे परत मिळण्याची मुदत, यांची माहिती मात्र पैसे भरण्यापूर्वी कार्यालयाकडून लेखी घ्यावी.