एकोजींचा शिलालेख आणि चष्म्यातली सफर

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधलं काडु मल्लेश्वराचं देऊळ एकोजींनी, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजींनी बांधलं, असं मराठी पर्यटक कौतुकाने सांगतात. तिथल्या 1669 च्या शिलालेखात मात्र नोंद आहे ती दानाची: एकोजींनी देवाला मेदरनिंगनहळ्ळी गाव दिलं. गाव देणं वेगळं, देऊळ बांधणं वेगळं. उद्या कुणी याची व्हीआर (चष्म्यातून दिसणाऱ्या आभासी जगाची) फिल्म केली, तर पायाभरणीला उभे असलेले एकोजी तिच्यात हमखास दिसतील!

व्हीआरमध्ये जुना काळ जसाच्या तसा दिसतो, हा सगळ्यात पक्का गैरसमज. स्कॅनर आज उभा असलेला दगड मोजतो. सतराव्या शतकातली झाडी, माणसं, वाद्यं चित्रकार भरतो. देवळासमोरचं नंदी तीर्थ 1997 मध्ये मातीखालून मोकळं झालं. त्याचं वय कुणी शेकड्यांत सांगतो, कुणी हजारांत. फिल्म करणाऱ्याला त्यातलं एक निवडावंच लागतं, आणि चष्मा घातलेल्याला ती निवड कळत नाही. म्हणूनच पुरावा कोणता आणि अंदाज कोणता हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे, असं वारशाच्या संगणकीय चित्रणासाठीच्या 2009 च्या ‘लंडन चार्टर’ या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये बजावलं आहे. आपल्याकडच्या किती फिल्म ते पाळतात, देव जाणे.

महागडा चष्मा हवाच, हेही खरं नाही. 1909 साली स्थापन झालेली मिथिक सोसायटी 2021 पासून बेंगळुरू परिसरातल्या शिलालेखांचं त्रिमितीय स्कॅनिंग करते आहे. ती मॉडेल साध्या फोनवर फिरवून बघता येतात. हे नुसते फोटो नव्हेत. अक्षरांची खोलीही मोजलेली असल्याने मॉडेलवर हवा तसा तिरका उजेड टाकता येतो आणि झिजलेली ओळ उठून दिसते.

एआर, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर माहिती दाखवणारं तंत्र, मात्र जागेवर जाऊनच वापरायचं. त्यासाठी जीपीएस पुरतं, असं वाटतं खरं. पण मोकळ्या आकाशाखालीही फोनचं जीपीएस पाचेक मीटर चुकतं, इमारतींच्या दाटीत आणखी. तेवढ्या चुकीनेही देवळाजवळच्या टेंपल स्ट्रीटवर नंदीची माहिती शेजारच्या दुकानावर चिकटेल. त्यामुळे चांगलं ॲप कॅमेऱ्याला दिसणारं दृश्य साठवलेल्या चित्रांशी जुळवून घेतं.

राहिला प्रश्न दगडाचा. स्कॅन झाला म्हणजे दगड वाचला, असं नाही. शिलालेखांचे अभ्यासक बी. एल. राइस यांनी 1905 मध्ये छापलेल्या खंडात बेंगळुरूचे शिलालेख नोंदवले होते. त्यांतले कितीतरी दगड शहर वाढताना नाहीसे झाले.