स्ट्रॉबेरीचे पहिले दोन तास

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन लाभले. या मानाचा अभिमान रास्तच आहे. परंतु मानांकनाने फळाचे आयुष्य वाढत नाही. डोंगरावर टवटवीत दिसलेले फळ शहरातील घरी पोहोचून दोन दिवस होतात न होतात तोच मऊ पडते. मग ग्राहक दुकानदाराला, दुकानदार व्यापाऱ्याला आणि व्यापारी शेतकऱ्याला दोष देऊन मोकळा होतो.

वस्तुतः दोष फळाच्या प्रकृतीत आहे. आंबा कच्चा उतरवून अढीत पिकविता येतो. स्ट्रॉबेरीचे तसे नाही. तोडल्यानंतर तिचा रंग गडद होईल, पण गोडी वाढणार नाही. म्हणून ती जवळजवळ पिकल्यावरच तोडावी लागते. तिला संरक्षक साल नाही, तिचे श्वसन जलद असते आणि बोटाच्या दाबानेही ती दुखावते. त्यात करडी बुरशी पुष्कळदा फुलोऱ्यातच फळात शिरून दबा धरून बसलेली असते. ऊब आणि ओल मिळताच ती पसरते.

यावरील मुख्य उपाय थंडावा हाच. शून्य अंशाच्या आसपास तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता राखल्यास हे फळ सुमारे आठवडाभर चांगले राहते. मात्र हा थंडावा केव्हा मिळतो, याला फार महत्त्व आहे. तोडणी सकाळच्या गारव्यात व्हावी, फळे थेट विक्रीच्याच डबीत भरावीत, ती धुऊ नयेत आणि तासा-दोन तासांत त्यांच्यातील उष्णता काढून घ्यावी. नुसत्या शीतगृहात रचलेल्या पेट्या आतून निवण्यास फार वेळ लागतो. त्यासाठी थंड हवा पेट्यांमधून पंख्याने खेचून घ्यावी लागते. यालाच पूर्वशीतकरण म्हणतात. दूरच्या प्रवासात पेट्यांभोवतीच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण १० ते १५ टक्के ठेवल्यास बुरशीलाही आळा बसतो. पण वाटेत थंडावा तुटला, की गार फळावर दव धरते आणि केलेला खटाटोप वाया जातो.

एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याला ही यंत्रणा एकट्याने उभारणे अशक्यप्राय आहे. फळ थांबत नाही, म्हणून त्यालाही थांबता येत नाही; समोर येईल तो भाव त्याला पत्करावा लागतो. जॅम-सरबताचे कारखाने त्याला आधार देतात हे खरे. तथापि उत्तम ताज्या फळाचे मोल तेथे मिळत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. दुधासाठी येथे शीतकरण केंद्रे उभी राहिली. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ साली ‘महाग्रेप्स’च्या रूपाने एकत्र येऊन पूर्वशीतकरणाच्या बळावर युरोपची बाजारपेठ गाठली. स्ट्रॉबेरीसाठीही चार-सहा गावांच्या मिळून सामाईक पूर्वशीतकरण केंद्राला शासनाने आणि सहकारी संस्थांनी अग्रक्रम दिला पाहिजे. शहरातील मोठ्या शीतगृहांपेक्षा बांधाजवळचे असे केंद्र अधिक उपयोगी ठरेल. कारण पहिल्या दोन तासांत गमावलेला ताजेपणा पुढील कोणतेही शीतगृह परत मिळवून देऊ शकत नाही.