माइनक्राफ्टच्या वर्गात शिक्षकांनी कधी गप्प बसावं?

आजचा विषय सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मुलं घरी खेळतातच की, मग वर्गात कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपण या खेळाच्या एका छोट्या कोपऱ्यात शोधू.

माइनक्राफ्ट हा स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा खेळ. तो २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि शाळांसाठीची वेगळी आवृत्ती मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये काढली. सगळं जग एक मीटर बाजूच्या ठोकळ्यांचं. काय बांधायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

या जगात रेडस्टोन नावाची भुकटी मिळते. ती जमिनीवर टाकली की तारेसारखी चालते. समजा, एका मुलीला किल्ल्याच्या दारातला खटका ओढून लांबच्या बुरुजावर दिवा लावायचा आहे. ती भुकटीची रेघ ओढते, खटका ओढते. दिवा काही लागत नाही. का? कारण संकेताचा जोर पंधरापासून सुरू होतो आणि दर ठोकळ्याला एकाने उतरतो. पुढे न्यायचा तर मध्ये रिपीटर बसवावा लागतो, आणि प्रत्येक रिपीटर निदान एक दशांश सेकंद उशीर करतो. एका दिव्याला त्याने फरक पडत नाही. पण चार दारं एकदम उघडायची असतील आणि वाटेतले रिपीटर कमीजास्त असतील, तर दारं मागेपुढे उघडतात.

आता शिक्षक तिच्या मागे उभे आहेत. उत्तर त्यांना माहीत आहे. "अगं, रिपीटर लाव," म्हटलं की दिवा लागेल, पण शोध त्यांचा झाला. त्याऐवजी "दिवा अलीकडे आणून बघ, कुठवर लागतो?" एवढंच विचारलं, तर ती ठोकळे मोजायला लागते. सेमूर पॅपर्ट यांनी १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात लोगो या संगणकभाषेच्या निमित्ताने हेच मांडलं होतं. प्रोग्रॅम चुकला तर तो दुरुस्त कसा होईल, हा खरा प्रश्न. आपल्या उत्तरपत्रिकेत या प्रश्नाला जागाच नसते; चूक म्हणजे लाल फुली, विषय संपला.

मग मुलांना मोकळंच सोडायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. तसं केलं तर थोड्याच वेळात काही जण एकमेकांच्या भिंती पाडायला लागतील. (हसू नका, आपणही तेच केलं असतं.) शाळेच्या आवृत्तीत बांधकामाची हद्द आखून देता येते. ती शिक्षकांनी आखावी, बेत मात्र मुलांचा असू द्यावा. तो सुरुवातीलाच दोन ओळींत लिहून घ्यावा आणि मध्येच थांबवून विचारावं : बेत कुठे बदलला, का बदलला?

सगळ्यात अवघड भाग गुणांचा. देखण्या किल्ल्याला गुण दिले, की मुलं व्हिडिओ बघून तो जसाच्या तसा उभा करणार. आणि ज्याचा दिवा शेवटपर्यंत लागला नाही, पण का लागला नाही हे ज्याला नीट सांगता आलं, त्याला तुम्ही दहापैकी किती द्याल? चर्चेची सुरुवात तिथूनच करू या.